सांगता येईल असं मशीन

‘मॅम, यहाँ चॉक लगा है,’ असं म्हणत पहिल्या बाकावरच्या मुलीने स्वतःच्या कानापुढे बोट ठेवून दाखवलं. मी रुमालाने गाल पुसला आणि शिकवत राहिले. तास संपल्यावर तीच मुलगी पुन्हा म्हणाली, ‘मॅम, अभी भी है.’ स्टाफरूमच्या आरशात पाहिलं. चॉक नव्हता. डाव्या कानाच्या पुढे, कल्ल्याचे केस सुरू होतात तिथे, चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता.

मी साताऱ्याची. लग्नानंतर इंदूरला आले आणि भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले. सासर जुनं इंदुरी मराठी. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते, हे आमच्याकडे आलेल्या माणसाला चहा टेबलावर यायच्या आत कळतं. नवरा पिथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. घरात सासू, सासरे आणि लग्नाची धाकटी नणंद. ‘लग्नाची’ हा शब्द त्या वर्षी आमच्या घरात नणंदेच्या नावाआधीच लागायचा, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दामुळे झालं.

कातडीच्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि हातातला जांभळट दिवा माझ्या गालाजवळ धरला. आरशात डाग निळसर पांढरा चमकला. अतिनील उजेड मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलेय, स्वतःच्या तोंडावर पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांनी भिंग घेतलं आणि डागातले केस एकेक करून पाहिले. ‘व्हिटिलिगो आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण केस अजून काळे आहेत. म्हणजे मुळाशी रंग शिल्लक आहे, तो तिथूनच परत वर येतो. केस पांढरे झाले की मग आमचे हात बांधले जातात. उशीर करू नका.’

त्यांनी मलम दिलं आणि उजेडाचे उपचार सांगितले. क्लिनिकमध्ये आठवड्यातून तीनदा यायचं, किंवा घरी छोटं हातात धरायचं मशीन घ्यायचं. क्लिनिकची वेळ आणि माझ्या क्लासची वेळ एकच होती, म्हणून घरचं मशीन ठरलं. कोणतं घ्यायचं, तेही त्यांनी लिहून दिलं. त्याच्या दिव्यातून अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टाच बाहेर येतो. सोबत काळा चष्मा मिळतो, आधी दंडावर थोडा उजेड देऊन कातडी किती सोसते ते पाहायचं आणि मग हळूहळू वाढवत जायचं. निघताना त्यांनी मुद्दाम बजावलं, ‘बाजारात लाल-निळ्या दिव्यांचे मास्क मिळतात. ते सुरकुत्या, मुरुमं असल्या गोष्टींसाठी. याच्यासाठी त्यांचा उपयोग नाही.’ मी हसून म्हटलं, ‘मी फिजिक्स शिकवते.’ त्या म्हणाल्या, ‘मग प्रश्नच नाही.’

प्रश्न होता, आणि तो घरी जेवणाच्या टेबलावर बसला होता.

सासूबाईंनी कोड हा शब्द एकदाही उच्चारला नाही. ‘ते’ म्हणाल्या. ‘ते किती मोठं आहे?’ ‘ते मेकअपने जातं का?’ सासूबाई वाईट नाहीत, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे मला ते म्हणावंसं वाटणार नाही. माझ्या ताटात त्या स्वतःच्या हाताने तूप वाढतात. त्या रात्रीही वाढलं. आणि वाढता वाढता म्हणाल्या, ‘बेटा, आम्ही इलाजाला ना नाही म्हणत आहोत. फक्त ती पुण्याची लोकं हिला बघायला येणार आहेत ना, त्यांचं एकदा पक्कं होऊ दे. मतलब, त्यांनी पाहिलं तर काय सोचतील?’

‘आई, तिचं आणि माझं रक्ताचं नातं नाही,’ मी म्हटलं. ‘मी दुसऱ्या घरातून आले. माझा डाग तिला कसा होईल? आणि हे लागत तर कुणालाच नाही.’

‘अगं, ते मला कळतं. लोकं इतकं बारीक कुठे बघतात? घरात आहे म्हटलं की झालं.’

सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी कानाचं मशीन घेताना घरच्यांनी सगळ्यात छोटं, बाहेरून अजिबात दिसणार नाही असं निवडलं होतं. ते इतकं छोटं होतं की त्यांच्या जाड बोटांना त्याचा सेल बदलता येईना. आता ते कपाटात असतं आणि सासरे सगळ्याला हो म्हणतात. त्या मशीनकडे बघून माझं काय होणार हे मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

मी त्यांची परवानगी मागत बसले नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं मशीन मागवलं. ते आलं तेव्हा मी क्लासवर होते, सासूबाई खजरान्याच्या गणपतीला गेल्या होत्या, म्हणून पार्सलवाल्याने ते शेजारी दिलं. नेमकी कंपनीनेही अक्कल गहाण ठेवलेली. खोक्यावर भल्या मोठ्या अक्षरांत रोगाचं नाव, आणि खाली पांढऱ्या डागांच्या हाताचं चित्र. संध्याकाळी शेजारच्या भाभीजी ते दोन्ही हातांत धरून आमच्या दारात आल्या. ‘आपका कुछ मशीन आया है,’ त्या म्हणाल्या आणि आवाज उतरवून विचारलं, ‘सब ठीक तो है ना? बिटिया को कुछ...?’

सासूबाईंचा चेहरा खोक्यावरच्या हातासारखा झाला. ‘नहीं नहीं, ये तो इसके कॉलेज का है, प्रॅक्टिकल का,’ त्या म्हणाल्या. मी क्लासमध्ये शिकवते, तिथे प्रॅक्टिकल नसतं, हे भाभीजींना चांगलं माहीत आहे. त्यांचाच पुतण्या आमच्याकडे येतो. त्या ‘अच्छा अच्छा’ म्हणत गेल्या, आणि दार लागल्यावर सासूबाई सोफ्यावर बसून रडायला लागल्या. ‘तिला वाटलं आपल्या पोरीला आहे. आता ही पूर्ण कॉलनीत सांगेल.’ रडत मी बसायला हवं होतं. रडत त्या होत्या, आणि पाण्याचा ग्लास मी आणून दिला.

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी ते खोकं न उघडता परत पाठवलं. मला विचारून नव्हे. मी क्लासवरून आले तर खोकं नव्हतं. मी भांडले, कडकडून भांडले. तो शांतपणे ऐकत राहिला, कारखान्यात कामगारांचं ऐकतो तसा, आणि शेवटी म्हणाला, ‘यार, मी तुझ्या विरुद्ध नाहीये. मी दुसरं शोधतो. मला जरा पॅकिंगचं बघू दे.’

पॅकिंगचं! हा माणूस दिवसभर कारखान्यात सुट्या भागांत केसाएवढी चूक सापडली तर अख्खा माल परत पाठवतो. तोच माणूस आठवडाभर लॅपटॉपवर बसून बायकोच्या औषधाचं मशीन खोक्यावरून निवडत होता. कुठलं खोकं साधं येतं, कुठल्यावर काही छापलेलं नसतं, कुठलं मशीन बाहेर पडलं असताना कुणी आलं तर विचित्र वाटणार नाही. सासूबाई चष्मा लावून शेजारी बसायच्या. नणंद मागून वाकून बघायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. ‘हे दवाखान्यासारखं दिसतं, नको.’ ‘याच्याबरोबर काळा चष्मा देतात, ते अच्छं नाही दिसत.’ उजेड कसला, त्याची तरंगलांबी किती, हे तिघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तेच विचारायला शिकवते म्हणून दुसऱ्यांची पोरं मला मॅम मॅम करतात.

आला तो मास्क. पांढरा, अख्खा चेहरा झाकणारा, डोळ्यांना भोकं, आतून सात रंगांचे दिवे. खोकं गुलाबी, त्यावर झोपलेली गोरीपान बाई. नवऱ्याने तो माझ्या हातात दिला तेव्हा त्याला खरोखर आनंद झाला होता. ‘बघ, हे कुणालाही सांगता येईल. पार्लरचं आहे म्हणायचं. लग्नघरात कोण विचारतंय?’

‘याने काही होणार नाही,’ मी म्हटलं. ‘लाल उजेड तो लाल उजेड. मला लागतो तो यात नाहीच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.’

‘अगं, लाइट थेरपीच आहे ना? तेही लाइट, हेही लाइट. नुकसान तर नाही? लग्न होईपर्यंत हे कर, मग तुला जे पाहिजे ते आपण घेऊ. प्रॉमिस.’

सासूबाई खोक्यावरच्या बाईकडे बघत होत्या. ‘याने गोरं पण होतं का?’ त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. या घरात नणंदेला दुधाची साय आणि बेसन लावत मोठं केलंय. उन्हात जाऊ नको, काळी होशील, हे मी इथे दिवसातून कितीदा ऐकते. गोरेपणा अख्ख्या अंगाला आला तर नशीब, आणि चिंचोक्याएवढ्या तुकड्यात आला की दार लावून घ्यायचं. हे मी मोठ्याने म्हटलं. नणंद फिस्सकन हसली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

मी पुन्हा ते मशीन मागवलं असतं तर पुन्हा परत गेलं असतं. दिवसभर घरी मी नसायचे, सासूबाई असायच्या. मलमाला मात्र कुणाची हरकत नव्हती, कारण ट्यूब मुठीत मावते. ते लावत राहिले. मास्क मी एकदा चेहऱ्यावर चढवून आरशात पाहिला आणि काढून ठेवला. थोड्या दिवसांनी नणंद म्हणाली, ‘वहिनी, तू नाही वापरत तर मी करू का यूज?’ म्हटलं, कर बाई. कुणाच्या तरी तोंडाला उपयोगी पडू दे. मास्क तिच्या खोलीत गेला आणि घरात त्याचं नाव ‘तिचं ते लग्नाचं मशीन’ झालं. माझ्यासाठी आणलेली वस्तू होती, हे नवऱ्यासकट सगळे विसरून गेले.

डाग विसरला नाही. पावसाळा संपेपर्यंत तो कल्ल्यातून खाली गालावर उतरला आणि मानेवर एक नवीन उगवला. पूर्वी मी केस मोकळे सोडले की सासूबाई म्हणायच्या, स्वयंपाकघरात केस बांधावेत. आता सकाळी उठून त्याच म्हणायला लागल्या, ‘बेटा, केस खुलेच अच्छे दिसतात तुला. डावीकडून पुढे घे.’ मी केस डावीकडे घेऊन पोळ्या लाटायचे.

पुण्याच्या मंडळींनी आधी मुलाच्या मावशीला पाठवलं. ही मावशी महूची, मिलिटरीतल्या अधिकाऱ्याची बायको, बोलायला खणखणीत. त्या दिवशी रविवार. सासूबाई सकाळी म्हणाल्या, ‘आज तुझा एक्स्ट्रा क्लास नाहीये का?’ मी म्हटलं, नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, ‘घेता येईल ना एखादा?’ मी म्हटलं, नाही. मग मला पोह्यांवर ठेवण्यात आलं, म्हणजे स्वयंपाकघरात. ट्रे नणंदेने नेला.

मावशींनी घर फिरून पाहिलं. नणंदेच्या खोलीत त्या थांबल्या आणि मला आतून त्यांचा आवाज आला, ‘अरे वा, हा मास्क! माझ्या सुनेनेही घेतलाय. आजकालच्या मुली स्वतःची काळजी घेतात, चांगलं आहे.’ बाहेर सगळे हसले. तेवढ्यात नवरा पाणी न्यायला आत आला. त्याचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा फुलला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’

त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं ते डाव्या बाजूने. डाग त्याच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता. त्याला तो दिसला नाही, खोकं कसं कामी आलं तेवढंच दिसलं. त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा खोकं परत पाठवलं तेव्हाही आला नव्हता. अजून तो पुरता उतरलेला नाही.

लग्न ठरलं. पहिली पत्रिका खजराना गणेशाला ठेवून आले सगळे. गाडीत मला मधली जागा मिळाली, खिडकी नाही. मग हॉल, मग साड्या, मग हलवाई. आमच्या सासरी नवरीला हळद लावताना वहिनीचा मान असतो. सवाष्णी आंब्याच्या पानांनी हळद लावतात आणि त्यात वहिनी पहिली. माझ्या लग्नात माझ्या वहिनीने लावली होती तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो होतो की गुरुजी रागावले होते. मी त्या सकाळसाठी पिवळी साडी काढून ठेवली, मानेपर्यंत येणारा ब्लाउज शिवून घेतला. गालावर पार्लरवालीने जाड थर दिला. आरशात मी बरी दिसत होते.

हॉलवर पाट मांडला, पुण्याच्या बायका समोर बसल्या, आणि सासूबाई माझ्याजवळ आल्या. हातावर हात ठेवून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘बेटा, तू जरा हलवाईकडे बघतेस का? तिथे आपलं कोणीच नाहीये.’

‘हळद झाली की जाते.’

‘नाही ना, आत्ताच जा. हळदीत हात-बित, तोंडाजवळ तोंड... मेकअप पसरला तर? त्या लोकांसमोर तमाशा नको.’

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फोटोवाल्याशी बोलत होता. त्याला ऐकू गेलं नव्हतं असं मी समजायचं ठरवलं होतं. पण तो सरळ माझ्याकडे बघून मान हलवून गेला. जा, म्हणून.

मी हॉलच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पुऱ्यांच्या कढईशेजारी उभी राहिले. आतून बायकांची गाणी ऐकू येत होती. मध्ये एकदा नणंदेचा आवाज आला, ‘वहिनी कुठेय?’ आणि सासूबाईंचा, ‘ती बिझी आहे गं, कामात आहे.’ मी रडले. धूर डोळ्यांत गेला असं काही सांगावं लागलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. पार्लरवालीचा थर गालावरून ओघळला आणि डाग उघडा पडला. हलवाईने एकदा पाहिलं आणि पुऱ्या तळत राहिला. त्या दिवसभरात माझ्याशी कुणी इतकं नीट वागलं नाही.

नणंद पुण्याला गेली. जाताना मास्क बॅगेत घालून घेऊन गेली. मला गळ्यात पडून म्हणाली, ‘वहिनी, हळदीत तुझी आठवण आली.’ मी तिला दोष देत नाही. तिला कुणी काही सांगितलंही नसेल.

पुढच्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पुन्हा दिवा बंद केला, पुन्हा भिंग घेतलं. या वेळी भिंग कल्ल्यावरच फिरत राहिलं. आरशात मला दिसत होतं ते मी आंघोळीनंतर रोजच बघत होते. कल्ल्यातले केस पांढरे झाले होते. ‘गालावरचा आणि मानेवरचा भाग भरून येईल, वेळ लागेल,’ त्या म्हणाल्या. ‘इथला मात्र बहुतेक नाही. मशीन वापरलं का?’ मी म्हटलं, ‘घरात लग्न होतं.’ त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना नवीन नसावं. त्यांनी पुन्हा त्याच मशीनचं नाव लिहून दिलं.

ते मी त्याच दिवशी मागवलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, ‘हो, घे ना, मी प्रॉमिस केलं होतं.’ दिलेला शब्द पाळणारा माणूस आहे तो. पार्सल आलं तेव्हाही मी क्लासवर होते. संध्याकाळी येऊन बघते तर तेच खोकं, तीच मोठी अक्षरं, तोच डागांचा हात, हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं. सासूबाईंनी स्वतः सही करून घेतलं होतं. शेजारच्या भाभीजी समोर बसून चहा पीत होत्या. ज्या खोक्यापायी घरात रडारड झाली, त्याच्याशेजारी आता बिस्किटांची बशी होती. मला समाधान वाटायला हवं होतं. मनात आलं ते दुसरंच. म्हणजे हे खोकं तेव्हाही असंच टेबलावर राहू शकलं असतं.

रविवारी सकाळी मी हॉलमध्येच बसले. उजेड चांगला होता आणि आरसा तिथेच आहे. दंडावर आधी पाहून झालं होतं, कातडीने सोसलं होतं. काळा चष्मा चढवला, केस मागे बांधले, मशीन गालाजवळ धरलं. सासूबाई मेथीची जुडी घेऊन शेजारी निवडायला बसल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांना खरंच माझी कणव आली होती.

‘आता कशाला त्रास करून घेतेस बेटा?’ त्या म्हणाल्या. ‘लग्न तर नीट पार पडलं ना. आता कोण बघतंय?’

मी मशीन बंद केलं. चष्मा काढला.

‘मी बघते,’ मी म्हटलं.

‘काय बघतेस?’ त्यांनी विचारलं. मेथीची काडी हातात तशीच धरून त्या खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या.